राजाच्या अंगणातला शेंदरी कातळ

एका राज्यात, जिथले पक्षी बोलत आणि डोंगर ऐकत, भद्रसेन नावाचा राजा होता. त्याला मोकळ्या अंगणाचे वेड. अंगणात वाळले पान पडलेले त्याला खपत नसे, मग माणूस कुठला खपणार! मधोमध एक जुनी शिसव होती. तिची सावली फरशीवर डागासारखी दिसते म्हणून राजाने ती तोडवली आणि तिच्याच लाकडाचे सिंहासन करवून घेतले.

एकदा भर उन्हात एक म्हातारा वाटसरू आत आला आणि शिसवीच्या उरलेल्या बुंध्यावर टेकला.

"उठा," राजा म्हणाला. "ही बसायची जागा नाही."

"पाय भाजलेत, राजा. घटकाभर बसू दे."

"अंगण मळतं."

म्हातारा उठला. तो मांत्रिक होता, हे राजाला उशिरा कळले. "मला जागा नाही, तर तूच बस," एवढे बोलून तो चालू लागला. त्याची पाठ दिसेनाशी होते न होते, तोच अंगणात हत्तीएवढा काळा कातळ उभा राहिला आणि राजा त्याच्या पोटात गेला.

राणी पद्मरेखा धावत आली. अंगण रिकामे, समोर कातळ, आणि कातळातून खोकल्याचा आवाज. तो खोकला तिच्या ओळखीचा होता.

"आहात का?" तिने दगडाला कान लावून विचारले.

"आहे. बसलो आहे. उभं राहता येत नाही."

कातळाच्या पोटात भूक लागत नसे की तहान लागत नसे. फक्त जीव घुसमटे. राणीने राज्यातला जुना पाथरवट मल्हारबा याला बोलावले. त्याने घण उचलला, एक घाव घातला, आणि आतून आरोळी आली, "अगं, थांबव त्याला! माझ्याच पाठीत बसतोय!"

ही आरोळी राजमाता चंपावतींनी ऐकली. लेकाची आरोळी ती. त्या देवघरात गेल्या, तेलात शेंदूर कालवून आणला आणि दोन्ही हातांनी कातळाला माखला. वर चांदीचे डोळे बसवले. मल्हारबाने घण खाली ठेवला आणि हात जोडले.

"राणीसाहेब, आता हा दगड राहिला नाही. शेंदूर चढलेल्याला घण लावणारा हात या राज्यात मिळायचा नाही."

"तेच तर हवं होतं," राजमाता म्हणाल्या. "देव बसलाय. आता माझ्या लेकराला कोण धक्का लावतो बघू!"

दुसऱ्या दिवशी कातळाचे नाव कातळोबा पडले. लोक नवस बोलू लागले, नारळ फोडू लागले. मूल रडत होते ते रडायचे थांबले, म्हैस आटली होती ती दूध देऊ लागली. लोक सांगत आणि राजमातांचे डोळे भरून येत. फक्त एक गोष्ट राणीच्या ध्यानात आली. रोज सकाळी ती कान लावी, आणि रोज राजाचा आवाज बारीक झालेला असे.

"बरं नाही का?" ती विचारी.

"बरा आहे," तो म्हणे. "तू जेवलीस ना?"

कातळाच्या माथ्यावर एक साळुंकी येऊन बसे. ती एक दिवस न राहवून बोलली. "राणी, नवरा आत गुदमरतोय आणि तू बाहेर दिव्यात तेल घालतेस? शाबास!"

"काय करू, ते सांग. टोमणे नंतर मार."

"ऐक तर. जेवढे नारळ फुटतात तेवढा हा आतून वाढतो. देवाचा दोष नाही. मांत्रिकाच्या दगडात बसवलंय त्याला, त्याचीही अडचण झालीय. तीन कामं कर. ज्या हातांनी देव बसवला त्यांनीच तो उठवू दे. ज्यानं बसायला जागा नाकारली त्याच्या आसनाची पाचर कर. आणि ज्याला नाकारली त्या मांत्रिकाकडून पाणी माग, तो डोंगरमाथ्यावर असतो. घणाचं काम नाही."

राणी सासूकडे गेली. राजमाता ऐकून लाल झाल्या. "सूनबाई, देव उठवला तर त्याला राखायचं कुणी? तुम्ही?"

"आईसाहेब, एकदा कान लावा. मग तुम्ही सांगाल ते मी करीन."

शेंदूर चढलेल्या देवाला शिवायच्या भीतीने राजमातांनी आजवर कातळाला कान लावलाच नव्हता; दुरून हात जोडून त्या परतत. आता त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि गाल टेकवला. तेवढ्यात वेशीपाशीच्या कुणी बाईने पायरीवर नारळ आपटला. आत काहीतरी करकरले. पाठोपाठ कण्हणे आले, दाबून धरलेले.

"बाळ! काय झालं?"

मग राजा म्हणाला, "आई, आधी हात पसरता येत होते. आता गुडघे छातीला लागलेत. नारळ फुटला की भिंत आणखी पुढे येते."

"मग बोलला का नाहीस?"

"इतक्या मायेनं करत होतीस. सांगवलं नाही."

राजमाता मटकन खाली बसल्या. रडल्या, आणि मग उठल्या. घरात एखादे कार्य निघाले असावे तशा कामाला लागल्या. पाटावर तांदळाची रास घातली, वर सुपारी ठेवली, कातळावर अक्षता वाहिल्या. "देवा, चुकीच्या जागी बोलावलं तुला. या सुपारीत ये. जागा लहान आहे, पण आपली आहे." सुपारी जराशी हलली. कातळावरचे चांदीचे डोळे आपोआप गळून पडले आणि शेंदराची खोळ सापाच्या कातेसारखी उतरली.

मग राणी दरबारात गेली आणि कुऱ्हाड मागितली. प्रधान आडवा झाला. "राणीसाहेब, हे सिंहासन आहे!"

"बसणारा कातळात आहे, प्रधानजी. रिकामी खुर्ची राखून काय करता?"

प्रधान बाजूला झाला. मल्हारबाने सिंहासनाचे पाय तासून पाचरी केल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या. कातळाची शीर मात्र बाहेरून कुठे दिसेना. तेव्हा आतूनच आवाज आला, "माझ्या डाव्या खांद्याशी पहाटे गार लागतं."

"तीच शीर," मल्हारबा म्हणाला. तिथे त्याने टाकीने अलगद खाचा पाडल्या आणि पाचरी बसवल्या.

उरले पाणी. राणी अनवाणी निघाली. डोंगर ऐकत होताच. त्याने तिला वाट दिली. माथ्यावर तापलेल्या खडकात मांत्रिक उभा होता, हातात पाण्याचा भोपळा.

"काय मागायला आलीस?" तो म्हणाला.

राणीने आधी खांद्यावरचा शेला काढला, त्याची चौघडी केली आणि खडकावर अंथरली. "आधी बसा, बाबा. मग बोलू."

मांत्रिक तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच बसला, आणि त्याच्या तोंडून दमलेल्या माणसाचा सुस्कारा निघाला. "एवढंच तर हवं होतं," तो म्हणाला. "पाणी ने. पण दगड फुटला म्हणून शाप सुटत नाही. अंगणातला शेवटचा तुकडा त्यानं स्वतः बाहेर न्यायचा. आणि टाकून द्यायचा नाही."

राणीने पाचरींवर पाणी ओतले. लाकूड पाणी पीत राहिले. राजमातांच्या मुठीत सुपारी होती. संध्याकाळची उन्हे भिंतीवर चढली तेव्हा फुगलेल्या शिसवीतून एक आवाज निघाला, जुने झाड वाऱ्यात वाकताना निघतो तसा. कातळावर केसाएवढी रेघ उमटली, बोटाएवढी झाली, आणि तो दोन बाजूंना उलगडला. मधे राजा बसला होता, पोटातल्या मुलासारखा, गुडघ्यांना मिठी मारून.

"वाळलास रे," राजमाता म्हणाल्या. राणीने त्याचे पाय चोळायला घेतले.

आता घण चालला, कारण आत दुखणारे कोणी नव्हते. तुकडे झाले. माणसे पहारी आणि दोर घेऊन आली. ओंडक्यांवरून घरंगळत तुकडे बाहेर निघाले. "टाकायचे नाहीत," राणीने बजावले, तेव्हा एक बसायला म्हणून विहिरीच्या काठाला गेला, एक बाजाराच्या कोपऱ्याला, एक घाटाच्या चढाला. शेवटचा मात्र कुणाला हलेना. राजाने पहार घेतली. हाताला फोड आले, ते फुटले. दर थोड्या अंतरावर तो थांबे, धापा टाकी आणि आजूबाजूला बसायला जागा शोधी. तेव्हा कुठे त्याला कळले, जागा नसणे म्हणजे काय.

वेशीबाहेरच्या कडुलिंबाखाली त्याने दगड नीट बसवला. डुगडुगत होता, खाली दगडाची चीप सारली. स्वतः बसणार, तोच समोर म्हातारा उभा.

राजाने उपरण्याने दगड पुसला. "बसा, बाबा."

"आणि तू?"

"मी दमलोय. पण तुम्ही आधी."

मांत्रिक बसला आणि जरा सरकला. राजा त्याच्या शेजारी टेकला. त्या क्षणी शाप सुटला. अंगणात, फरशीच्या फटीतून, शिसवीच्या बुंध्याला तांबूस पालवी फुटली. साळुंकी उडत गेली आणि तिथे बसली, जणू ती जागा पहिल्यापासून तिचीच.

सिंहासन पुन्हा झाले नाही. राजा न्याय करायला वेशीवरच्या दगडावर बसू लागला. कुणी दमलेला आला की उठून उभा राही, आणि कामकाज उभ्यानेच चाले.

कातळ गेला, अंगण उरले. ऐकणाऱ्याच्या दारीही जो भागून येईल, त्याला बोलण्याआधी बसायला मिळो.