चावी मागणारे बुवा

“...मग तीन दिवस मला नुसती चिंधी घेऊन यंत्राची ग्रीस भरायची निपलं पुसायला का लावलंत, बुवा?”

चिंधूबुवा बाभळीखाली बसून चहा फुंकत होते.

प्रणीत देसले कमरेवर हात ठेवून उभा होता. कृषी अभियांत्रिकीची पदविका, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये दोन वर्षं आणि भिंतीवर लावायला चार प्रमाणपत्रं. त्यातलं एक सुरक्षेचं. ते कसं मिळालं हे त्यालाही ठाऊक होतं. हेल्मेट घालायचं, साहेबांशेजारी उभं राहून फोटो काढायचा, समोसा खायचा आणि कागद घेऊन घरी जायचं. आपल्याकडे सुरक्षा अशीच वाटतात. पुढं कुणाची बोटं गेली, की त्याला नशीब म्हणतात.

मठाच्या गोशाळेला यंत्रं सांभाळणारा माणूस हवा होता. साठ एकर कुरण, दीडशे गाई आणि ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं गवतकापणीचं यंत्र. नेमणूक महंतांच्या हातात, पण महंत म्हणत, “चिंधूबुवा हो म्हणतील तो आपला.” आजवर यंत्रं बुवाच पाहत. त्यांची वस्त्रं भगवी होती, असं म्हणतात. ग्रीसच्या डागांमुळं खात्री देता येत नव्हती. याआधी दोघे हात हलवत परत गेले होते. इकडे प्रणीतच्या आईनं मात्र गल्लीत पेढे वाटून टाकले होते.

“आज काय ती परीक्षा घ्या. हो तर हो, नाही तर नाही.”

बुवांनी कप खाली ठेवला.

“कापणी झालीय. यंत्राला ग्रीस दे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

प्रणीत हसला. शोरूममध्ये हे काम तो शीळ घालत करायचा.

त्यानं इंजिनाकडून पाती फिरवणारी जोडणी बंद केली, सीटशेजारचा हायड्रोलिकचा दांडा ओढून यंत्र कमरेएवढं उचललं, इंजिन बंद केलं. मग कान देऊन थांबला. इंजिन गप्प झालं तरी पाती आणखी थोडा वेळ फिरत राहतात, हे त्याला माहीत होतं. फिरणं पूर्ण थांबलं तेव्हाच तो जवळ गेला.

बुवांनी मान डोलावली. प्रणीतनं ते पाहिलं, आणि त्याची छाती दोन इंच फुगली.

ग्रीसगन घेऊन तो यंत्राखाली सरकला आणि आतूनच ओरडून सांगू लागला.

“निपल पुसलं! तीन दाब दिले! जुनं काळं ग्रीस बाहेर आलं, तेही पुसलं!”

गवताचे भारे बांधणाऱ्या धुरपदाबाई थबकल्या. “बुवा, हा ग्रीस देतोय का आरती म्हणतोय?”

“पात्यांचे बोल्ट बघतो आता!”

तेवढ्यात ट्रॅक्टरच्या सीटची स्प्रिंग करकरली.

प्रणीतनं मान वाकडी करून पाहिलं. चिंधूबुवा सीटवर बसले होते. दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मजेत गुणगुणत होते.

“बुवा! तिथं काय करताय?”

“बसलोय.”

“उतरा आधी!”

“का रे? इंजिन बंद आहे.”

“चावी आहे ना तिथं!”

“आहे. तूच ठेवलीस.”

“आणि यंत्र नुसतं वर तोललंय... तो दांडा तुमच्या गुडघ्याशी... जरा धक्का लागला तरी...”

“हो ना. खाली टेकूला ठोकळासुद्धा दिसत नाही.”

प्रणीत पालीसारखा सरपटत बाहेर आला. केसांत गवत, कानाला ग्रीस.

“आमची वासरंसुद्धा दुधाला एवढी धावत नाहीत,” धुरपदाबाई म्हणाल्या.

बुवांचे हात अजून डोक्यावरच होते.

“मी सत्तरीचा. ब्रह्मचारी. माशीसुद्धा मारत नाही. तुला माझा भरवसा नाही?”

“नाही!”

शब्द निघून गेला... प्रणीतनं जीभ चावली.

बुवा सावकाश उतरले आणि बाभळीखाली जाऊन बसले.

शोरूममध्ये चावी गाडीतच ठेवायची पद्धत. गिऱ्हाईक आलं की कुणीही गाडी पुढं घ्यावी, म्हणून. दोन वर्षं तो तसाच यंत्रांखाली शिरत आला होता. वर कोण चढतंय, हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.



त्यानं चावी काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. लाकडाचे दोन जाड ठोकळे आणून यंत्राखाली सरकवले. दांडा हळूच दाबून सगळं वजन त्यावर टेकवलं, खांद्यानं धक्का देऊन पाहिलं. मग पहिल्या निपलपासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी तोंड बंद होतं.

अर्धं काम झालं असेल.

“इंजिनियर,” बुवांची हाक आली, “चावी दे. ट्रॅक्टर सावलीत घेतो.”

“काम व्हायचंय, बुवा.”

“चाक हातभर सरकवतो फक्त.”

“नाही.”

धुरपदाबाईंच्या हातातली दोरी थांबली.

“नोकरी कुणाच्या शब्दावर आहे, ठाऊक आहे ना?”

“आहे.”

“मग दे.”

प्रणीतला आई दिसली, पेढ्यांचा रिकामा पुडा दिसला. हात खिशाकडे गेला... आणि खिशावरच घट्ट बसला.

“मी बाहेर येईपर्यंत ही इथंच राहणार.”

“गुरूचा शब्द मोडतोस?”

“मोडतो. सांगा महंतांना. दोन्ही हात शाबूत घेऊन घरी जाईन मी!”

बुवा असे खदखदून हसले, की चरणाऱ्या गाईंनी माना वर केल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. गालाला ग्रीस लागलं.

“धुरपदाबाई, महंतांना निरोप द्या, माणूस मिळाला. तीन दिवस हा चावी तशीच ठेवून निपलं पुसायला शिरत होता; आज पहिल्यांदा यानं माझं ऐकलं.”