पारोशाची घंटा

फार पूर्वीची गोष्ट. तळ्याच्या बांधाखाली वसलेल्या एका गावात एक शब्द पाटलापेक्षाही मोठा होऊन बसला होता. तो शब्द म्हणजे पारोसा.

शब्द तसा साधा. रात्र उलटून शिळं झालेलं ते पारोसं. झाडलं नाही तर अंगण पारोसं, आंघोळ केली नाही तर माणूस पारोसा. "दुपार झाली तरी पारोसाच फिरतोय मेला!" असं म्हणत आया पोरांना न्हाणीत ढकलायच्या, एवढंच त्या शब्दाचं काम. पण या गावानं त्याचा कायदा केला. पारोशानं देवळातल्या घंटेला हात लावायचा नाही. पारोसा कुणाला शिवला, तर त्यानंही पुन्हा आंघोळ करायची.

पाटलाचा धाकटा भाऊ भिवा तळ्याकाठच्या मळ्यात मुक्कामाला असायचा. श्रावणातल्या एका पहाटे त्याला दिसलं, तळ्याच्या बांधाला भगदाड पडतंय. त्याची बायको आणि लेक ठकी खालच्या आळीत झोपलेल्या. अवेळी घंटा वाजली की आळीनं टेकडीवर पळायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. भिवा चिखल तुडवत देवळाकडे धावला.

पाटील नुकताच आंघोळ करून देवळात आला होता. भिवानं त्याचा दंडच धरला. "दादा, बांध फुटतोय! घंटा वाजव!"

"अरे मेल्या, शिवलास ना मला! माझीही आंघोळ गेली."

"दादा, ठकी झोपलीय रे खाली!"

"आजोबांनी घातलेला बांध तो, घटकाभरात कुठं जातोय? दोन तांबे अंगावर घे, मग वाजव. पारोशा हातानं वाजवलीस तर देव कोपेल."

इथंच माझं डोकं फिरतं बघा. घंटा हातभर अंतरावर होती. ओढायची ना दोरी! पण जन्मभर ऐकलेला शब्द आडवा आला. देव कोपला तर ठकीचंच वाईट होईल, या भीतीनं भिवा विहिरीकडे पळाला. कुडकुडत अंगावर पाणी ओतलं आणि तसाच ओल्या अंगानं परत येऊन दोरी ओढली.

घंटा वाजली, पण ती कुणाला ऐकूच आली नाही. तोवर पाणी आळीत शिरलं होतं.

पूर ओसरला तेव्हा खालच्या आळीत नुसती जोती उरली होती. भिवाची बायको बाभळीला अडकलेली सापडली. ठकी तिच्या कवेत होती.

"भिवा, माझं चुकलं रे," पाटील ओक्साबोक्शी रडत होता.

भिवा लेकीच्या केसांतला चिखल काढत होता. मान वर न करता तो म्हणाला, "दादा, आज खालच्या आळीत कुणी पारोसं राहिलं नाही."

त्या गावातल्या आया अजूनही पोरांना पारोसा म्हणून रागावतात. देवळातल्या घंटेची दोरी मात्र आता बाहेर रस्त्यावर सोडलेली आहे, कुणीही ओढावी. भिवा पुन्हा त्या देवळाची पायरी चढला नाही.

तात्पर्य: पारोसं अंग तांब्याभर पाण्यानं धुता येतं, हाक द्यायला केलेला उशीर गंगेतही धुतला जात नाही.