घंटेवरची चिठ्ठी

एका राज्यात एक भांडार होतं, आणि त्या भांडारात एकेचाळीस जादूच्या वस्तू होत्या. प्रत्येकीला ताडपत्राची चिठ्ठी बांधलेली होती आणि प्रत्येक चिठ्ठी राजकवीनं लिहिलेली होती. त्यामुळे वस्तूंची थोरवी अवघ्या नगराला ठाऊक होती. उपयोग मात्र एकट्या भांडाऱ्याला.

त्या वस्तू घडवणारा मांत्रिक कुंभकेतू चिठ्ठ्या वाचून संतापला, कारण वस्तू वापरायची कशी ते एकीवरही नव्हतं. जाताना त्यानं शाप ठेवला. "माणसाचा हात लागेल त्या वस्तूची राख होईल. वस्तू काढेल नि चालवेल तो माझा धनेश पक्षी. वस्तूबद्दल तो लिहिलेलंच मानेल, तोंडी सांगितलेलं नाही. राज्यावर तीन संकटं येतील. धनेश चुकला की दर वेळी भांडारी एक तृतीयांश दगड होईल. धाडल्या दिवशी अंधारापूर्वी काम पुरं झालं नाही, तर तीही चूकच. तिसऱ्या वेळी चुकला नाही, तर शाप सुटेल."

आधी विहिरी आटल्या. धनेशानं एक शंख आणला, कारण चिठ्ठीत होतं, 'त्रैलोक्याची तहान ज्याच्या चरणी लीन'. त्यानं तो फुंकला आणि शेतांत समुद्र शिरला. सोमदत्त भांडारी मांड्यांपर्यंत दगड झाला. मग रानाला वणवा लागला. 'ज्यापुढे अग्नी मान तुकवतो' असा पंखा धनेशानं हलवला. आगीनं मान तुकवली आणि ती वाऱ्यासरशी गावात घुसली. सोमदत्त छातीपर्यंत दगड झाला. त्याच्या लग्नाला तेव्हा एकवीस दिवस झाले होते.

सगळे म्हणाले, पक्षी मठ्ठ आहे.

सोमदत्ताची बायको सुरंगी त्यांत नव्हती. मठ्ठ हा शब्द तिच्या ओळखीचा होता. लग्नानंतर चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "आजेसासूबाईंच्या डब्यातली खडीसाखर घाल खिरीत." फडताळात आजेसासूबाईंचे डबे दोन होते. सुरंगीनं तुरटी घातली.

"अगं मठ्ठ, कुठल्या डब्यात काय ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांत ती अजून धरलेली नव्हती.

मग एका सकाळी नगरातली सारी लेकरं झोपेतून उठेनात. राजानं उन्हं उतरली की धनेशाला धाडायचं ठरवलं. सुरंगी भांडाराशी गेली. सोमदत्त दारातच दगड होऊन उभा होता, नि धनेश त्याच्या दगडी हातावर बसला होता.

"पक्षीराज, कवीची चिठ्ठी वाचून काय कळतं?"

"वाचून आनंद होतो," धनेश म्हणाला. "काय करायचं ते कळत नाही. विचारावं असंही कुठे लिहिलेलं नाही."

सुरंगीनं कोरी ताडपत्रं मांडीवर घेतली नि नवऱ्याला प्रत्येक वस्तूमागे तीन प्रश्न विचारले. ही काय करते? हिला काय द्यावं लागतं? ही कधी वापरायची नाही?

"हे काय विचारणं झालं?" सोमदत्त म्हणाला. "लहान घंटा माणसं उठवते, मोठी डोंगर उठवते. दिसतंच की."

"तुम्हाला दिसतं. तुम्ही इथं वाढलात."

त्यानं घंटेकडे पुन्हा पाहिलं. मग नीट सांगू लागला.

राजकवी पाहायला आले. "दिव्य घंटेवर वाण्याच्या दुकानासारखी चिठ्ठी?"

"वाण्याकडून चुकीचा जिन्नस घरी येत नाही, कविराज."

उन्हं उतरेपर्यंत एकेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. धनेशानं चोचीनं जुन्या सोडल्या, नव्या बांधल्या. लहान घंटेवर होतं: 'श्वास चालू असलेल्या झोपलेल्या माणसाला उठवते. उशाशी धरून, त्याचं नाव घेऊन, एकदाच वाजवावी. नाव ठाऊक नसेल तर वाजवू नये. परत येऊन विचारावं. डोंगर उठवायला ही नव्हे. त्याला शेजारची मोठी, आणि ती राजाला विचारल्यावाचून उचलू नये.'

राजा म्हणाला, "लेकरांना उठवणारं आण."

धनेशानं लहान घंटा उचलली. घरोघर नाव घेतलं, घरोघर लेकरू उठलं. उजेड कमी होत चालला तेव्हा तो घंटा तशीच घेऊन भांडाराशी परत आला. सोमदत्ताच्या गळ्यापर्यंत दगड चढू लागला होता.

"आता हा काय करतोय?" लेकाशेजारी उभ्या सासूबाईंचा आवाज फाटला.

"विचारायला आलोय," धनेश म्हणाला. "कुंभारवाड्यात सहा दिवसांची मुलगी आहे. तिचं नाव काय?"

बारसं बाराव्या दिवशी असतं. नाव तिला नव्हतंच.

सुरंगी कुंभारवाड्यात धावली, धनेश वरून. पाळण्याशी आई बसली होती. "नाव आत्या ठेवते हो," ती म्हणाली, "आणि आत्या चाकावर आहे." आत्याला चाकावरून उठवून आणलं. कोपरापर्यंत चिखल, पदर खोचलेला.

"सहा दिवस आधीच?" आत्या म्हणाली. "बरं. ऐका मग. हिचं नाव मृण्मयी."

घंटा एकदा वाजली. मृण्मयीनं डोळे उघडले आणि रडून वाडा डोक्यावर घेतला.

सुरंगी परतली तेव्हा सोमदत्त भांडाराच्या पायरीवर बसून पोटऱ्या चोळत होता. "मुंग्या आल्यात," तो म्हणाला. ती त्याच्या शेजारी बसली आणि बराच वेळ उठली नाही.

शेतांतून समुद्र मागे गेला, विहिरींना गोड पाणी लागलं, आणि धनेश राज्यातच राहिला. मठ्ठ त्याला पुन्हा कोणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी फडताळातले दोन डबे सुनेपुढे ठेवले. सुरंगीनं एकावर लिहिलं: 'तुरटी. पाणी निवळायला. खिरीत घालू नये.'

"हे काय लिहायचं?" सासूबाई म्हणाल्या. "आता तुलाही ठाऊक आहे."

"पुढच्या सुनेला नाही," सुरंगी म्हणाली, आणि तिनं दुसरा डबा ओढला.