फाटकावरचा नवा वॉचमन

एकदा एक शिष्य वेगाच्या प्रेमात पडला. त्याच्या वृद्ध गुरूंनी धरणाखाली गेलेल्या एका गावातल्या बायकांच्या ओव्या त्यांच्याच आवाजात संकेतस्थळावर साठवल्या होत्या. गाव बुडाले, गळे तेवढे उरले. तिथली शोधयंत्रणा जुनी, कासवाच्या चालीची. शिष्याने ती काढून नवी बसवली. आता बोट उचलायच्या आत उत्तर येई.

एके सकाळी दूरदेशीहून एका बाईचा फोन आला. "माझ्या आईची ओवी आहे तुमच्याकडे. तिचं नाव टाकलं, तर 'काही सापडले नाही' म्हणतंय. बघता का, दादा?"

शिष्याने पाहिले. "नाहीच आहे, ताई."

नाही म्हणायला काय लागतं हो? जीभ तेवढी उचलायची.

"बरं," बाई म्हणाली. "आवाज विसरायला लागलेय तिचा, म्हणून..." आणि तिने फोन ठेवला.

गुरू ऐकत होते. म्हणाले, "समोरच्या सोसायटीत माझी बहीण राहते, अनसूया. तिला बोलावून आण."

फाटकावर त्याच दिवशी कामाला लागलेला वॉचमन होता. "अनसूयाबाई? इथं असं कुणी नाही," त्याने ताडकन सांगितले.

वरून गॅलरीतून आवाज आला, "अरे मेल्या, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून इथं आहे मी!"

शिष्य हसत परतला. "गुरुजी, वॉचमन अगदीच अडाणी!"

"अडाणी नव्हे, नवा. त्याला कुणी घराघरांतून फिरवलं नाही. तूही जुना काढून नवा चपळ आणलास; पण आत कोण कोण राहतं, ते त्याला दाखवलंस का? आधीपासूनच्या माणसांना तो 'नाहीत'च म्हणणार. आणि तो जितक्या झटकन म्हणेल, तितक्या झटकन दाराशी आलेला माघारी फिरेल."

शिष्याचे हसू मावळले. तो बसला. साठवणीतली ओवी न् ओवी नव्या यंत्रणेपुढून नेऊन त्याने सगळी सूची पुन्हा बांधून घेतली. दुपार कलली. मग त्याने बाईच्या आईचे नाव टाकले.

सापडली.

त्याने फोन लावला, "ताई, चुकलो. ऐका," एवढेच म्हणाला आणि ओवी सुरू केली.

सांज झाली, दारामंदी उभी मी गं कवाची
वाट दिसंना झाली माझ्या दूरच्या लेकीची

पलीकडून हळूच शब्द आले, "आले गं आई."

शिष्याने फोन मेजावर अलगद ठेवला आणि तो खोलीबाहेर गेला. मायलेकींच्या मध्ये उभे राहू नये, एवढे त्याला आता कळले होते.