तिसऱ्यांदा विचारल्यावर

एकदा एका गावाने एका आचार्यांच्या शिष्याला पंचसभेचा प्रमुख नेमले, आणि त्या दिवसापासून गावात मतभेद म्हणून औषधालाही उरला नाही. शिष्य विद्वान होता, हाताचा स्वच्छ होता आणि रीतीला पक्का होता. रीत अशी होती की, सभेपुढे विषय मांडायचा आणि मग प्रमुखाने तीनदा विचारायचे, "कुणाची हरकत?" तिसऱ्यांदाही कुणी बोलले नाही तर ठराव एकमताने मंजूर. त्याच्या कारकिर्दीत प्रत्येक ठराव एकमतानेच झाला. पंच पान चघळत घरी जात, आणि प्रमुख समाधानाने म्हणे, "मौनं संमतिलक्षणम्." पूर्वजांनी सांगून ठेवलेल्या शहाणपणातले सोयीचे तेवढे आपल्याला बरोबर पाठ असते.

गावाच्या वरच्या अंगाला एक तळे होते. ते भरले की जास्तीचे पाणी सांडव्यातून वाहून जाई. हा सांडवा पंचांच्या मळ्यांना लागून होता, त्यामुळे दर पावसाळ्यात बांधाची थोडी माती धुपे. एका वैशाखात पंचांनी ठराव आणला, की जुना सांडवा बुजवावा आणि नवा दुसऱ्या बाजूने काढावा. दुसऱ्या बाजूच्या उतारावर खालची वस्ती होती, त्याच मळ्यांत राबणाऱ्या माणसांची. ही माणसेही सभेला येत आणि मागे, चपलांपाशी बसत. प्रमुखाने रीतीप्रमाणे तीनदा विचारले. कुणी बोलले नाही, आणि सांडवा फिरला.

आश्लेषाच्या पावसात तळे भरले, आणि पहाटे पाणी खालच्या वस्तीत शिरले. झोपड्या गेल्या, भांडीकुंडी गेली. एक तरुण म्हाताऱ्या आईला उंचवट्यावर पोचवून शेळ्या सोडायला माघारी गेला, तो परत आला नाही. पाणी जरा ओसरल्यावर त्याचे प्रेत बाभळीच्या झुडपात सापडले. आभाळ मात्र अजून भरलेलेच होते, तळे काठोकाठ होते, आणि पंच म्हणत होते, ठराव तो ठराव.

प्रमुख मठात आचार्यांकडे गेला. "गुरुजी, मनाला चैन नाही. माझं कुठं चुकलं ते दाखवा. मी सगळ्यांना बोलावलं होतं. तीनदा विचारलं होतं. एकानंही हरकत घेतली नाही."

माणूस असे विचारतो तेव्हा त्याला उत्तर नको असते, पाठीवर हात हवा असतो. आचार्यांनी हात ठेवला नाही. त्यांनी काठी उचलली आणि म्हणाले, "चल."

स्मशानाची वाट पाण्याखाली होती, म्हणून प्रेत उंचवट्यावरच ठेवलेले होते. उशाशी आई बसली होती. वस्ती भोवती उभी होती आणि कुणी रडत नव्हते. प्रमुखाला पाहून दोघातिघांनी सवयीने हात जोडले.

आचार्य म्हातारीपुढे वाकले. "माय, याला तुझ्या लेकाला एक विचारायचं आहे. विचारू देशील?"

"इचारा की," म्हातारी म्हणाली. "आता त्याला कुनाचा धाक."

आचार्य शिष्याकडे वळले. "सभेत विचारतोस तसंच विचार. नव्या सांडव्याला याची हरकत आहे का?"

शिष्याला हे अघोरी वाटले. पण गुरूंची आज्ञा त्याने कधी मोडली नव्हती. "नाव काय याचं?" त्याने खालच्या आवाजात विचारले. कुणीतरी सांगितले, सटवा.

"सटवा, तुझी हरकत आहे?"

प्रेत काय बोलणार. त्याने दुसऱ्यांदा विचारले. तिसऱ्यांदा विचारायला तो जरा वाकला, तेव्हा त्याला चेहरा नीट दिसला आणि तो थांबला.

वैशाखातल्या त्या सभेत, तिसऱ्यांदा विचारल्यावर, चपलांपाशी एक तरुण गुडघ्यावर हात टेकून अर्धा उठला होता. मळ्याच्या मालकाने मान वळवून त्याच्याकडे पाहिले होते. तरुण उठता उठता थबकला होता. प्रमुखाने हे सारे पाहिले होते, आणि घाईघाईने म्हटले होते, "मंजूर." ही गोष्ट आजवर त्याने स्वतःलाही सांगितली नव्हती.

"थांबलास का?" आचार्य म्हणाले. "विचार आणि मंजूर म्हण. हाही गप्पच आहे."

शिष्य तिथेच चिखलात खाली बसला.

आचार्यांचा आवाज तेव्हा थोडा उतरला. "बाळ, ज्याचं पोट भरलेलं आहे तो गप्प बसतो, आणि ज्याची उद्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात आहे तोही गप्प बसतो. कानाला दोन्ही सारखंच लागतं, म्हणून प्रमुखानं डोळे उघडे ठेवायचे असतात. गावानं तुला नुसतं विचारायला बसवलं नव्हतं, तेवढं पोपटानंही केलं असतं. उत्तराची वाट बघायला बसवलं होतं."

शिष्य चिखलातून उठला. मग तो वस्तीकडे वळला. "जुना सांडवा आजच फोडू. नवा बुजवू. पंचांना जाब मी देईन. कुणाची हरकत?"

कुणी बोलले नाही. त्याने पुन्हा विचारले नाही आणि मंजूरही म्हटले नाही. पाऊस भुरभुरू लागला, तरी तो एकेका चेहऱ्याकडे पाहत थांबून राहिला.

शेवटी म्हातारी बोलली, लेकाच्या कपाळावरचा चिखल पदराने पुसता पुसता. "त्या दिशी असंच थांबाय पायजे हुतं, मालक. उठतच हुता त्यो."

शिष्याने मान खाली घातली.

दिवस मावळायच्या आत जुना सांडवा फुटला आणि नवा बुजला. मातीची पहिली पाटी प्रमुखाने टाकली. पंचांच्या मळ्यांची माती पुन्हा वाहू लागली, आणि पंच पावसाळाभर कुरकुरत राहिले. वाट मोकळी झाल्यावर सटवाला नेले.

सभा शांतपणे पार पडली की आपण समाधानाने उठतो. उठण्यापूर्वी एकदा चपलांकडे नजर टाकावी. तिथे कुणीतरी अर्धे उठलेले असते.