सरकारांच्या नावाचे जोर

निंबसरचे जहागीरदार मानसिंगराव स्वतः कधी देवापुढे बसत नसत. भटजी त्यांच्या नावाने संकल्प सोडून अभिषेक करत आणि पुण्य सरकारांना घरबसल्या मिळे. पुढे पोट इतकं सुटलं की घोड्यावर बसता येईना, तेव्हाही त्यांनी हीच वाट धरली. सिदू नावाच्या गड्याला त्यांनी यसबा वस्तादांच्या तालमीत धाडलं. सिदू रोज पहाटे सरकारांच्या नावाने शंभर जोर आणि दोनशे बैठका मारी, आणि घरी जाऊन डाळ-भाकरी खाई. मेहनतीचा खुराक म्हणून दूध, बदाम, तूप मात्र सरकार स्वतः घेत.

सहा महिन्यांत सिदूचे दंड भरले, कंबर आटली. सरकारांचं पोट आणखी वीतभर पुढे आलं. ते तणतणत तालमीत आले.

"वस्ताद, आमच्या नावाने एवढी मेहनत झाली, मग आमचं अंग कुठंय? आत्ता दाखवा, नाहीतर तालमीला कुलूप."

यसबांनी हाताची माती झटकली आणि सिदूला पुढे उभं केलं.

"हे काय, सरकार. तुमच्या नावाने कमावलेलं अंग ह्याच्याकडे राहिलंय. ह्याचा खुराक तुम्ही खाल्लात, म्हणून ह्याचं पोट तुमच्याकडे राहिलंय. उद्यापासून तुम्ही ह्याच्या नावाने जोर मारा, भाकरी खा, आणि ह्याला तूप द्या. सहा महिन्यांत ज्याचं त्याला मिळेल."

सरकारांनी एकदा सिदूच्या दंडाकडे पाहिलं. मग त्यांनी अंगरख्याचे बंद सोडायला घेतले.

सिदू हळूच म्हणाला, "वस्ताद, माझं पोट मला परत नको. सरकारांनी ते हितंच मातीत टाकलं तरी चालंल."