पाच बोटांचा झगा

“पेटीत नको ठेवू. पेटी ती उघडते. तिच्या हाताखाली डाग टिकत नाही गं.”

कोठीच्या खोलीत मंजी चंपीला सांगत होती. मंजी नऊ वर्षांची, चंपी पाच. ‘ती’ म्हणजे मी. या घरात येऊन मला सव्वा महिना झालाय आणि मला हाक काय मारायची, हे दोघींचं अजून ठरलेलं नाही. त्यांची आई मागच्या वर्षी, काजूच्या हंगामात गेली.

माझ्या माहेरी लॉन्ड्री. मला दुसरं काही येत नसलं तरी डाग काढता येतात. काजूच्या बोंडूचा, म्हणजे त्याच्या रसाळ फळाचा डाग, ज्याच्यापुढे सगळं कोकण हात टेकतं, तोसुद्धा. गेल्याच आठवड्यात चंपीच्या परकरावरचा काढला, तर सासूबाई तो परकर शेजारी दाखवायला घेऊन गेल्या. सुनेपेक्षा परकर जास्त घरं फिरून आला.

मी दाराआडून ऐकलं. तांदळाच्या पिंपाचं झाकण निघालं, पुन्हा बसलं. दुपारी भाताला तांदूळ काढताना हाताला कापड लागलं. चंपीचा जुना फ्रॉक. उघडून पाहिला, आणि होती तशी घडी घालून पुन्हा तांदळात पुरला.

रात्री सासूबाई म्हणाल्या, “माझा घसा बसलाय. आज गोष्ट तू सांग.” मंजी भिंतीकडे तोंड करून पडली. चंपी माझ्या गुडघ्याला टेकली. मग मी सांगायला लागले.

एक होता राजा. त्याच्या राज्यात काजूची झाडं इतकी, की चैत्रात वाऱ्यालासुद्धा बोंडवांचा वास यायचा. त्याची राणी मोठी हौशी, बरं का. दासी होत्या, तरी बोंडं स्वतः वेचायची. बिया पिळून वेगळ्या करायची. हात कोपरापर्यंत ओले. एकदा काय झालं, धाकटी राजकन्या पायरीवर धडपडली. राणी धावली, आणि ओल्या हातानंच तिची पाठ थोपटली. उगी, उगी. झग्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही. बोंडूचा रस असाच लबाड. लागतो तेव्हा पाण्यासारखा. धुऊन वाळला की मग तपकिरी होऊन वर येतो.

मग राणीला ताप आला. एक दिवस गेला. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी राणी गेली.

मग दासींनी झगे धुतले, उन्हात टाकले. संध्याकाळी काढायला गेल्या, तर एका झग्याच्या पाठीवर पाच बोटं.

“माझ्या फ्र—” चंपी म्हणाली. मंजीनं न वळताच तिला कोपर मारलं.

मग राजानं दुसरी राणी केली. परटाची मुलगी.

“राजानं परटाची कशी केली?”

“त्याचे कपडे फार मळायचे.”

“हं,” चंपी म्हणाली. तिला पटलं.

या राणीला राज्य करता येत नव्हतं. बोलताही फार येत नव्हतं. डाग तेवढे काढता यायचे. पहिल्या दिवशी तिनं राजाच्या अंगरख्यावरचा आंब्याचा चीक काढला, खोबरेल लावून. प्रधान म्हणाला, वाहवा. दुसऱ्या दिवशी प्रधानाच्या उपरण्यावरचं जांभूळ काढलं, लिंबू नि मीठ चोळून. सासू म्हणाली, गुणाची आहे हो.

पलीकडच्या खोलीत सासूबाई खोकल्या. घसा बसला होता ना.

तिसऱ्या दिवशी तिला तो झगा सापडला. आता तिच्यात एक दोष होता, बरं का. डाग दिसला की तिला बाकी काही दिसत नसे. तिनं झगा आंबट ताकात घातला. सकाळी पाहते तर करंगळी गेलेली. राणी खूश. पण त्या रात्री राजकन्या अंगाईची ओळ विसरली. मग राणीनं झगा पुन्हा ताकात घातला. दुसरं बोट गेलं. त्या रात्री आई वेणी कशी घालायची, ते राजकन्या विसरली. मग राणीनं तिसऱ्यांदा ताक घुसळायला घेतलं. तेवढ्यात आतून हुंदका ऐकू आला. “ताई, आईचा आवाज कसा होता गं? मला आत्ता आठवत होता.”

तेव्हा कुठं राणीनं झगा उजेडात धरला. नीट पाहिला. हा डाग कुठला! हा तर हात.

मग ती धावत काजूच्या झाडाकडे गेली. म्हणाली, “माझं चुकलं. दोन बोटं परत दे.” झाड म्हणालं, “गेलेलं मला देता येत नाही. आणि निघायला लागलेला डाग थांबत नाही, उरलेली तीनही जातील. ती राहायला हवी असतील, तर तुझी विद्या मला दे. पुन्हा तुझ्या हातून एक डाग निघणार नाही.”

राणी खूप रडली. तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच ना. मग तिनं देऊन टाकली.

मग काय! राजा चिकाचा अंगरखा घालून दरबारात बसायला लागला. प्रधानानं नाक मुरडलं. सासू म्हणाली, आधी बरी होती. पण झग्यावर तीन बोटं राहिली.

“आणि ती दोन?” हे मंजीनं भिंतीला विचारलं.

“ती नाही आली परत.”

“मग राजकन्या काय करायची?”

“जेवढं आठवायचं, तेवढं नव्या राणीला सांगायची. राणी ऐकायची. ऐकायला तिला यायचं.”

अशी ती सगळी डागाळलेल्या कपड्यांत सुखानं नांदली. तुम्हीही आता पांघरूण ओढा, डोळे मिटा, आणि अंगरख्याची काळजी राजाला करू दे.

चंपी तर कधीच झोपली होती. मंजी वळली. माझ्या हातांकडे बघत राहिली.

“तुलापण येतो ना, बोंडूचा काढता?”

“उद्या पिंपातले तांदूळ उन्हात घालायचेत, मंजी,” मी म्हणाले. “त्याआधी फ्रॉक काढून घे. माझ्या पेटीत जागा आहे. किल्ली तुझ्याकडेच ठेव.”

तिनं डोळे मिटले नाहीत. तिला उत्तर हवं होतं. मग पलीकडे सासूबाईंनाही ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले,

“यायचा. आता नाही येत.”